ओथाची बातमी

"बाई, तुमचं नाव कुठंय?" केझायाने विचारलं आणि माझ्या हातातला खडू थांबला.

फळ्यावर बावीस नावं होती. मेम्फिसच्या या शाळेत दरवर्षी पत्रकार आयडा वेल्स शिकवून झाली की मी मुलांना कामाला लावते. जे नाव कुठल्याच वर्तमानपत्रात आलं नाही ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारून आणा आणि चार ओळींची बातमी लिहा. सव्वाशे वर्षांपूर्वी आयडा तरी दुसरं काय करत होती? आमची काळी माणसं झाडाला टांगली जात आणि वर्तमानपत्रं भलतंच छापत. ही बाई स्वतः जाऊन विचारायची आणि खरं ते छापायची. त्यापायी गोऱ्यांच्या जमावाने तिचा छापखाना फोडला, याच शहरात.

टायरिसने आजोबांना सोडून पळालेल्या पहिल्या बायकोची बातमी आणली होती. "आजोबा म्हणाले, छाप, बिनधास्त छाप!" वर्ग खो खो हसला होता.

"बाईंना गृहपाठ नसतो," मी केझायाला म्हटलं.

"आयडापण आधी शाळेत शिकवायची. तुम्हीच सांगितलंत."

लबाड पोर! चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार होते.

"ओथा," मी म्हटलं. "माझा थोरला भाऊ."

आमच्या घरी हे नाव मोठ्याने घेत नसत. आईच्या बायबलात घरातले सगळे जन्ममृत्यू लिहिलेले आहेत. ओथासमोरची मृत्यूची जागा तिने शेवटपर्यंत कोरी ठेवली. चर्चच्या पाळकांनी समजावलं की म्हणायची, "त्याला पुरेल एवढी शाई नाही माझ्याकडे."

केझायाने कानावरची पेन्सिल काढली. मी शिकवलेले प्रश्न ती मलाच विचारू लागली.

"वय?"

"एकोणीस."

"कुठे निघाला होता?"

"सरकारी कचेरीत, मतदार यादीत नाव घालायला. मिसिसिपीत तेव्हा तेवढ्यानेही आपल्या माणसाचा जीव जायचा."

"शेवटचं कुणी पाहिलं?"

"मी. फाटकापाशी. आईने पीचचं गोड कॉबलर भाजलं होतं. म्हणाला, खरपूस कड माझी. ठेव हं, चिमणे."

"ठेवलीत?"

"दिवेलागणीपर्यंत. सहा वर्षांची होते मी. मग खाल्ली."

टायरिससुद्धा हसला नाही.

"मग शेवटी काय लिहू, बाई? वारला?"

अजूनही कुठलंही फाटक वाजलं की मी मान वळवून बघते.

"नको," मी म्हटलं. "लिही, घरचे वाट पाहतात."

तिने लिहिलं. आमच्या घरात आता मी एकटीच उरले आहे. घरचे किती, हे विचारायचं ती विसरली, आणि मी चूक काढली नाही.