पडदे कोणत्या रंगाचे

सदानंदने हुरघाडाचा विषय काढला तेव्हा सुचेता बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

"मे महिन्याच्या सुट्टीत इजिप्तला जाऊ या," तो म्हणाला. "तिथल्या एका सागरी संशोधन केंद्रानं बोलावलंय. नुसतं बघून येऊ."

सदानंद प्रवाळांचा अभ्यासक. तोक्योच्या विद्यापीठातलं त्याचं कंत्राट जुलैत संपणार होतं, त्यामुळे हे बोलावणं आलं याचा सुचेतालाही आनंदच झाला. ती त्याच्या मागोमाग तोक्योलगतच्या ग्योतोकुला आली, तेव्हा दुकानात मीठ कुठलं नि साखर कुठली तेही तिला वाचता येत नव्हतं. हळूहळू ती भाषा शिकली. नदीपलीकडे, एदोगावा भागातल्या एका बालवाडीत इंग्रजी शिकवायचं अर्धवेळ काम तिला मिळालं. सकाळी सायकलवरून पूल ओलांडून ती पोचली की मुलं 'सुचेता-सेन्सेई', म्हणजे सुचेताबाई, म्हणत पायांना बिलगायची. व्हिसा मात्र नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला. तो जपानमध्ये आहे, तोवरच ती.

हुरघाडाचं हॉटेल देखणं होतं. समोर इतका निळा समुद्र की डोळे दुखावेत. लाकडी धक्क्याच्या टोकाला प्रवाळाचा कडा सरळ खोल उतरत गेलेला. सदानंद पाण्यात शिरला तो तासाभरानं वर आला, आणि कित्येक महिन्यांनी सुचेताला त्याचा चेहरा मोकळा दिसला. तिला पोहता येत नव्हतं. ती धक्क्यावर बसून पाण्याखालची त्याची पाठ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या संचालकांची बायको, हाला, तिला फिरवायला घेऊन गेली. बाई बोलकी आणि मायाळू होती. बाजार दाखवून झाल्यावर तिनं गाडी एका वसाहतीत नेली. भोवती उंच भिंत, आत एकसारखी पांढरी घरं. त्यातल्या एकाचं कुलूप हालानं उघडलं. आत रंगाचा वास येत होता.

"पडदे शिवायला टाकायचेत," ती इंग्रजीत म्हणाली. "सदानंद म्हणाले, तुला पिवळा आवडतो. पण म्हटलं, तुलाच विचारावं."

"कुणाच्या घराचे पडदे?" सुचेतानं विचारलं.

हाला हसली, आणि मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. "त्यांनी तर फेब्रुवारीतच नोकरीला होकार कळवलाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

सुचेतानं पडदे पिवळेच ठीक आहेत असं सांगितलं.

हॉटेलवर परतल्यावर ती खोलीत गेलीच नाही. फाटकाबाहेर पडली आणि चालत सुटली. कुठेतरी एकटीनं समुद्राशी बसावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण रस्त्याच्या एका बाजूला हॉटेलांच्या भिंती, एकीला लागून दुसरी, मध्ये बोळसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेले काँक्रीटचे सांगाडे आणि त्यांच्यामागे थेट वाळवंट. पलीकडे लाटांचा आवाज येत होता, पण समुद्र काही दिसत नव्हता. एका फाटकाशी ती थांबली तर रखवालदारानं नम्रपणे तिच्या मनगटावर हॉटेलनं बांधलेला प्लॅस्टिकचा पट्टा पाहिला आणि मान हलवली. पट्टा दुसऱ्या हॉटेलचा होता. पुढच्या फाटकाशी तेच. वाऱ्यानं वाळू तोंडात जायला लागली. तिचा घसा कोरडा पडला, पायातली चप्पल चावू लागली, आणि आपल्याला आत घेईल असं एकच फाटक या रस्त्यावर आहे हे तिच्या ध्यानात आलं. ती मागे वळली.

सदानंद धक्क्यावर टॉवेल गुंडाळून बसला होता.

"घर पाहिलं मी," ती म्हणाली.

त्यानं टॉवेल आणखी घट्ट ओढून घेतला. "जपानमध्ये दुसरं काही मिळालं नाही, सुचेता. किती ठिकाणी अर्ज केले तुला माहितीये. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"इथे आलीस, हे सगळं पाहिलंस, की तुलाच आवडेल असं वाटलं."

"इथे मी दिवसभर काय करू?"

त्यानं समुद्राकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तिला तेच जास्त जड जात होतं. सुट्टीचे उरलेले दिवस दोघं जेवायला एकत्र बसली, संचालकांकडे चहाला गेली, आणि तिथे सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. ती 'थँक यू' म्हणत राहिली.

ग्योतोकुला परतल्यावर पहिल्याच सोमवारी मुलं घरी गेल्यावर ती मुख्याध्यापिका मोरिता-सान यांच्यासमोर जाऊन बसली. नवरा जपान सोडतोय, आपल्याला राहायचंय, पूर्णवेळ काम आणि स्वतःचा व्हिसा हवाय, असं तिनं जपानीत सांगितलं. वाक्य घरून पाठ करून आली होती, तरी मध्येच अडखळली. मोरिता-सान यांनी दातांमधून हवा आत ओढली. जपानमध्ये हा आवाज म्हणजे बहुधा नकार. "अवघड आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण प्रयत्न करू. मुलांना तुमची सवय झालीये."

संध्याकाळी तिनं सदानंदला सांगितलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "आणि व्हिसा मिळाला नाही तर?"

"तर येईन तिकडे," ती म्हणाली. "दुसरीकडे जाणार कुठे?"

जुलैत तो एकटाच गेला. तिनं त्याचं सामान बांधायला हात लावला, शर्टांच्या घड्या घातल्या, स्टेशनपर्यंत बॅग ओढत नेली. फलाटावर त्यानं विचारलं, "रागावली आहेस?"

"हो."

गाडी आली. तो आत शिरला, दाराच्या काचेतून पाहत राहिला. सुचेताचा अर्ज अजून इमिग्रेशनमध्ये पडून होता. तिथून काही कळेपर्यंत ती इथली नव्हती की तिथलीही. जिना उतरून तिनं सायकलचं कुलूप काढलं आणि ती पुलाच्या दिशेनं वळवली. बालवाडी भरायची वेळ झाली होती.