माझी क्रूस वाकडी

मी मुकुट बोलतोय. लगेच कान टवकारू नका, मी सोन्याचा नाही. आत पितळ आहे, वरून नुसता मुलामा, आणि तोही कानाकोपऱ्यातून उडालाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे जो फार वेळ टक लावून बघतो त्याचा मला संशय येतो. तुम्ही ऐकायला आला आहात, तर ऐका. हात मात्र लांब ठेवा.

रहिमतपूर स्टेशनापासून आत, ओढ्यापलीकडे एक वाडी आहे. तिथल्या लहानशा चर्चमध्ये डाव्या हाताच्या कोनाड्यात एक लाकडी राजा उभा आहे. संत इश्तवान त्याचं नाव. मी त्याच्या डोक्यावर बसतो. माझ्या शेंड्यावर बोटभर उंचीचा क्रूस आहे आणि तो वाकडा आहे. सगळं रामायण त्या वाकडेपणावरून घडलं.

माझा जन्म हंगेरी नावाच्या दूरच्या देशातला. तिथल्या पहिल्या राजाचा म्हणून जो मुकुट मानतात, त्याच्यावर कधीकाळी पेटीचं झाकण आदळलं म्हणे, आणि वरचा क्रूस कलला. तो कुणी सरळ केला नाही. पुढे तिथली माणसं त्या कललेल्या क्रूसावरच जीव टाकू लागली. म्हणून मला घडवणाऱ्या कारागिरानं माझा क्रूस आधी नीट उभा बसवला आणि मग अंगठ्यानं दाबून एका अंगाला कलवला. तो अंगठा मला अजून आठवतो.

मला इकडे आणलं ते फादर इश्तवान यांनी. राजाचंच नाव त्यांचं. तेव्हा ते तरुण होते. बोटीतून मुंबई, मुंबईहून आगगाडी, मग बैलगाडी. सगळा प्रवास मी त्यांच्या लोकरी पांघरुणात गुंडाळलेला. पुढे त्यांच्या देशातलं राज्य बदललं, परतीची वाट बंद झाली आणि ते इथलेच होऊन गेले. वाडीच्या तोंडात इश्तवान बसेना. त्यांचा इस्तूबाबा झाला.

बाबांना मराठी छान यायची, पण एक खोड जन्मभर गेली नाही. त्यांच्या भाषेत म्हणे तो, ती असा भेदच नाही. त्यामुळे बाबांच्या तोंडी भाकरी ‘तो’ असायचा आणि बैल ‘ती’. प्रवचनात ते म्हणायचे, “माझी राजा चांगली होती,” की बायका पदराआड खुसखुसायच्या. दरवर्षी वीस ऑगस्टला, राजाच्या सणाला, ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, “माझी क्रूस वाकडी. वाकडीच राहू दे.” तेव्हा तर हशा पिकायचा. लोक ‘माझी क्रूस’ला हसायचे, आणि हसता हसता पुढचं ऐकायचंच राहून जायचं. माणसांची ही एक गंमतच आहे. बोलणाऱ्याची चूक लगेच सापडते, बोलणं सापडत नाही.

त्या सणाला बाबांच्या देशात नव्या गव्हाचा पाव आशीर्वादाला ठेवतात. इथे पाव कुठला? राहीबाई ज्वारीची भाकरी थापायची आणि बाबा तिला आपल्या देशाच्या झेंड्याची लाल, पांढरी, हिरवी फीत बांधायचे. आपला स्वातंत्र्यदिन होऊन पाच दिवस झालेले असायचे. एका वर्षी पोलीसपाटील बाहेरूनच विचारून गेला, “आवं बाबा, झेंड्याचा रंग चुकलाय जनू?” बाबा हसले. मी नाही हसलो. असं सहज विचारणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

राहीबाई म्हणजे अर्जुनाची बायको. अर्जुना चर्चची झाडलोट करी, घंटा वाजवी, दर शनिवारी स्टुलावर चढून मला खाली घेई आणि चिंचेनं घासून पुशी. चर्चच्या मागची खोली त्यांना राहायला होती. लग्न करून राहीबाई त्याच खोलीत आली होती. दुसरं घर त्यांना नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली बाबा वारले आणि त्यांच्या जागी वसईकडचे फादर लोपीस आले. माणूस शिस्तीचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “हा क्रूस कुणी वाकवला?”

“न्हाई जी, पयल्यापास्नं तसाच हाय,” अर्जुना म्हणाला.

“पहिल्यापासून? मोडकी वस्तू कुणी एवढ्या लांबून आणेल का?”

प्रश्न वरवर बिनतोड होता. अर्जुना गप्प बसला, आणि गप्प बसला म्हणूनच फसला. काळही तसाच होता. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली. कोण कुणाचं नाव कुठे सांगेल याचा नेम नव्हता. तशात भाऊसो मास्तर पुढे झाले. हे आमचे धर्मशिक्षक. त्यांचा जावई बिनकामाचा बसला होता आणि अर्जुनाच्या खोलीवर त्यांचा डोळा होता, हे मला कोनाड्यातून सरळ दिसायचं. ते फादरांना हळूच म्हणाले, “मला तर क्रूस सरळ असलेला आठवतो.”

झालं! एकाला आठवलं की सगळ्यांना आठवायला लागतं. कुणाला तो सरळ असलेला आठवला, कुणाला पडल्याचा आवाज आठवला. जोतिबा सुतार तर म्हणाला, “पडला बिडला काय न्हाई. सोन्याचा इकला आन् ह्यो पितळी बसवला. त्येच्या छपरावर नवी कौलं आली ती कुटनं?” कौलं अर्जुनाच्या फौजेतल्या भावानं घातली होती. पण ते विचारायला कोण बसलंय?

फादर वाईट नव्हते. त्यांनी अर्जुनाला बोलावून सांगितलं, “खरं काय ते सांग, मी माफ करीन. नाही सांगितलंस तर सणानंतर खोली रिकामी करावी लागेल.” आता न केलेल्या गोष्टीची कबुली माणूस देणार कशी? अर्जुना मला पुसताना माझ्या क्रूसावरून बोट फिरवायचा आणि पुटपुटायचा, “माज्या हातनं कवा पडलास का रं तू?” त्याला स्वतःचाच संशय यायला लागला होता. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

सणाच्या आधीच्या गुरुवारी, भर दुपारी, अर्जुना मळ्याकडे गेल्यावर राहीबाई आत आली. इकडेतिकडे बघून स्टुलावर चढली. मला काढून पदराखाली घेतलं आणि तडक साताऱ्याच्या एसटीत बसली. मी मनात म्हटलं, गेलो आपण! जोतिबा म्हणत होता त्यात तथ्य होतं की काय? ही बाई मला विकणार. बाजारात तांबटाच्या दुकानापुढे ती थांबली तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

“येवढा क्रूस सरळ करून द्या,” ती म्हणाली. “आन् कुनाला सांगू नगा.”

तांबटानं दोन ठोके दिले. जन्मात पहिल्यांदा मी ताठ झालो आणि मला काही सुधरेना.

परतीच्या गाडीत ती माझ्याशी कुजबुजत होती. “ह्येंच्याच हातनं पडला आसंल. भ्याले आस्तील सांगाया. आता कुनी काय म्हननार न्हाई.” तेव्हा मला कळलं. ती मला विकायला नाही, नवऱ्याला वाचवायला निघाली होती. पण वाचवतानासुद्धा तिनं त्याला दोषी धरलंच होतं.

शनिवारी अर्जुनानं मला खाली घेतलं आणि सरळ झालेल्या क्रूसावरून दोनदा बोट फिरवलं. हे राहीबाईचंच काम, हे त्याच्या ध्यानात आलं असणार. आडवेळेला चर्चमध्ये दुसरं कोण येतंय? त्यानं मला जागेवर ठेवलं आणि स्टूल भिंतीकडेला सरकवून घंटा वाजवायला गेला.

सणाच्या दिवशी चर्च भरलं. भाऊसो मास्तरांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “बघा फादर! चोराच्या मनात चांदणं. गुपचूप सरळ करून ठेवला!” सगळ्यांच्या माना अर्जुनाकडे वळल्या. राहीबाई पांढरीफटक पडली. ज्यानं सुटका व्हायची त्याचाच पुरावा झाला होता.

फादर विचारणार, तेवढ्यात दारातून काठी टेकत सिस्टर मार्गित आल्या. पाचगणीच्या मठातल्या म्हाताऱ्या नन, बाबांच्याच देशच्या. फादरांनी त्यांना सणाला मुद्दाम बोलावलं होतं. कोनाड्यासमोर येऊन त्यांनी गुडघा टेकला, वर बघितलं आणि तशाच थांबल्या.

“माझी क्रूस कोण सरळ केली?” त्या म्हणाल्या.

या वेळी कुणीच हसलं नाही. मागच्या ओळीतून म्हातारी रंगूबाई एकदम उठली. “अगं बया! बाबा बी आसंच म्हनायचं की! ‘माझी क्रूस वाकडी. वाकडीच राहू दे.’ दर साली म्हनायचं! आन् आमी दात काडायचो!”

मग एकेकाला आठवायला लागलं. आता सगळ्यांना तो वाकडाच आठवत होता. जोतिबालासुद्धा. सिस्टरांनी झाकणाची गोष्ट सांगितली, तेव्हा फादर लोपीस खाली मान घालून ऐकत होते. मग ते सगळ्यांसमोर अर्जुनापाशी गेले. “अर्जुना, मी चुकलो. खोली तुझीच आहे.” भाऊसो मास्तर प्रार्थनेच्या पुस्तकात काहीतरी शोधत राहिले.

“पण मग सरळ केला कुणी?” कुणीतरी विचारलंच.

“म्या,” अर्जुना चटकन म्हणाला.

“खोटं सांगत्यात,” राहीबाई उभी राहिली. “म्या केला. मला वाटलं, ह्येंनीच पाडला.”

अर्जुनानं तिच्याकडे बघितलं. गावाच्या बोलण्यानं जो माणूस वाकला नव्हता तो त्या एका वाक्यानं खचला. “समद्यांस्नी वाटलं ते वाटलं,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुला बी वाटलं व्हय गं?”

राहीबाई कोनाड्यापाशी जाऊन उभी राहिली.

सिस्टरांनी मला खाली मागून घेतलं आणि राहीबाईच्या हातात दिलं. “तूच कर.” तिनं अंगठा लावला. रडत होती, तरी दाबला जोरात. बरोबर त्या पहिल्या कारागिरासारखा, पण उलट्या बाजूला! सिस्टर तोंड उघडणार होत्या. मग त्यांनी राहीबाईकडे पाहिलं, अर्जुनाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “छान झाली.”

त्याला आता तीन-चार वर्षं झाली. माझा क्रूस चुकीच्या अंगाला कललाय, हे मला, सिस्टरांना आणि कदाचित अर्जुनालाच ठाऊक. आता तुम्हालाही. तेव्हा कृपा करून कुणी सुधारायला धावू नका. वाकडं दिसलं तर हात लावायच्या आधी नुसतं विचारा, आणि उत्तराला हसू नका.

अर्जुनानं गावाला आठवडाभरात माफ केलं. बायकोला वेळ लागला. त्या सणानंतरच्या शनिवारी स्टुलावर चढण्याआधी त्यानं हाक मारली होती, “धर गं स्टूल. बघून घे, पाडतो का ते.” शब्द बोचरे होते. ती मुकाट्यानं धरून उभी राहिली. मग दर शनिवारी तेच. तीच हाक, तेच शब्द. पण त्यातला काटा कधी गळून पडला, हे माझ्यासारख्या संशयी मुकुटालाही कळलं नाही.

परवाच्या शनिवारी तो मला घासत असताना म्हणाला, “काय गं, बघतीस न्हवं?”

“न्हाई,” राहीबाई म्हणाली. स्टूल तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटले होते. “मला काय बगायचं न्हाई.”