पॅनलसमोरच्या चपला

रमणने चपला काढल्या, गावाला वीज देणाऱ्या फीडरच्या पॅनलसमोर नेहमीच्या जागी जोडीने ठेवल्या आणि रबरी बुटांत पाय घातले.

"हँडल काढा अक्का. कमरेला खोचा. मग मी जातों."

कनकलताने पॅनलवरचं वीज जोडायचं हँडल उपसून काढलं आणि पदराआड कमरेला खोचलं. त्या वीज उपकेंद्रात ही रीत तिच्या नोकरीच्याही आधीपासूनची होती. लाइन क्लिअरच्या कागदावर सही होतच असे. पण खांबावर चढणारा माणूस आपल्या चपला पॅनलसमोर ठेवून जाई, आणि परत येऊन त्याने त्या स्वतः पायात घातल्याशिवाय त्या लाइनीत वीज सोडायची नाही. रमणच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता. त्याने तो फ्यूजच्या तांब्याच्या तारेने आवळून बांधला होता.

"अर्थिंगची साखळी कोठें?" त्याने विचारलं. लाइनीत चुकून वीज आलीच, तर ती साखळी तिला जमिनीत उतरवत असे.

"कंपनीच्या लाइनीवर. सकाळीच नेली. दुसरी नाही रे. थांब ना थोडा, परत आणू दे त्यांना."

"थांबलों तर गाव मला खाईल. तुम्ही आहांत ना इथें." तो हसला. "आज आयुधपूजा, आणि आपली आयुधं कंपनीच्या घरीं! चण्यांचं सुंडल ठेवा हो मला. मागच्या वर्षी पातेलं खरवडावं लागलं."

त्याची मोपेड कालव्याच्या पलीकडे, नारळीच्या बागेमागे दिसेनाशी झाली.

पापनाशमच्या रस्त्यावरच्या त्या कंपनीत आधी नुसते बँकांचे हिशेब साठवलेले असत. उपकेंद्रातल्या पॅनलवर तिचा काटा झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा संथ चाले. मग माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रं आली. त्यांचं एकेक कपाट एका गल्लीइतकी वीज खाई, आणि ती तापू नयेत म्हणून आत पाण्याच्या नळ्या खेळवाव्या लागत. ही यंत्रं शिकायला बसली की काटा एकदम उसळी मारी, थांबली की धपकन पडे, पुन्हा उसळे. ट्रान्सफॉर्मर घशातून गुरगुरे. लोड फार चढला की वरून फोन येई, "गावचे फीडर बंद करा." गावची वीज अशी दिवसातून कितीदा तोडायची आणि जोडायची, याचा नेम राहिला नव्हता. त्या धक्क्यांनी खांबावरचे सांधे जळत. आज सकाळी नारळीमागचा सांधा फटाक्यासारखा फुटला होता.

पुन्हा तसाच घरघराट झाला, तेव्हा कनकलता ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा काटा पाहायला बाहेर यार्डात गेली.

आत धनलक्ष्मी पूजा मांडत होती. ती झाडलोटीच्या कामावर नवीच होती. तिने पॅनलांना चंदनाची बोटं ओढली, कुंकू लावलं, समई पेटवली, कुंकू भरलेला कोहळा खाली ठेवला. मग तिला समईसमोर चपला दिसल्या. "शिव शिव," ती पुटपुटली आणि दोन बोटांनी उचलून त्या बाहेर पायरीवर नेऊन ठेवल्या.

कनकलता परत आली ती मागच्या दाराने. आणि त्याच वेळी फाटकाची साखळी तुटल्याचा आवाज आला.

वीस-पंचवीस माणसं होती. हातांत काठ्या, एकाच्या हातात नारळ सोलायची लोखंडी पहार. पुढे शिवकुमार, गावातल्या भाताच्या गिरणीचा मालक. दारात आल्यावर त्यांना समई दिसली, आणि सगळ्यांनी चपला काढल्या. मग आत घुसले. पहिल्याच काठीने खिडकीची काच खाली आली.

"मॅडम, वीज सोडा," शिवकुमार म्हणाला. त्याच्या एका हातात चालू फोन होता. "आई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. मशीन बंद पडलंय. बायको पुठ्ठ्याने वारा घालतेय तिला. ऐका, ऐका तिचा श्वास!"

फोनमधून खरखर येत होती.

"ऐक रे तंबी, लाइनीवर माणूस आहे. रमण खांबावर आहे."

"रोजच कोणीतरी खांबावर असतो!" मागून एकजण ओरडला. "कंपनीचे दिवे बघा रस्त्यावरून, दिवसासुद्धा जळतायत. त्यांचा माणूस नाही चढत खांबावर?"

"तिला कंपनी पगार देते वाटतं!"

"देवाशपथ सांगते. नवमीचा उपास आहे माझा, खोटं कशाला बोलू? या, बघा, त्याच्या चपला पॅनलसमोर..."

ती वळली. पॅनलसमोर समई होती, कोहळा होता, तांदळाची रांगोळी होती. चपला नव्हत्या.

ती रीत गावालाही ठाऊक होती.

"कुठायत?" शिवकुमारने हळू विचारलं.

क्षणभर तिलाही वाटलं, आला असेल का? चपला घालून गेला असेल? हँडल बसवावं, फिरवावं. कोणी तिला बोल लावला नसता. तिने मोबाइल काढून रमणला लावला. चढताना तो फोन मोपेडच्या डिकीत टाकून जायचा. घंटी वाजत राहिली.

"नाही आला तो," ती म्हणाली. "मला सांगितल्याशिवाय जात नाही. सुंडल मागितलंय त्याने. कोणीतरी नारळीमागे जाऊन बघा रे!"

"जाऊन येईतो आई मरेल!"

शिवकुमारने कोहळा उचलून तिच्या डोक्याशेजारी पॅनलवर आपटला. लाल पाणी तिच्या तोंडावर, साडीवर उडालं. एकाने तिचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं. तिने दोन्ही हात कमरेशी आवळले आणि गुडघे पोटाशी घेतले. मागच्या दारात धनलक्ष्मी किंचाळत होती, "मी काढल्या! चपला मी काढल्या!" पण तिला ढकलून कोणीतरी दार लावून घेतलं.

काठी पाठीवर बसली. मग कानावर. कनकलता ओरडत नव्हती, एकच वाक्य म्हणत होती, "तो वर आहे. तो वर आहे." पहारीचं टोक उजव्या हातावर उतरलं तेव्हा बोटांची हाडं मोडल्याचं तिला ऐकू आलं. बोटं आपोआप उघडली. कुंकवाचं पाणी कुठलं आणि रक्त कुठलं, ते कळत नव्हतं.

शिवकुमारने हँडल घेतलं. तीन पॅनलांपैकी एकाच्याच खोबणीत जागा रिकामी होती. त्याने बसवलं आणि फिरवलं.

गावच्याच लाइनीवरचा खोलीतला पंखा अर्धा गरका फिरला. फोनमधून बायकोचा आवाज आला, "आली! आली!"

नारळीमागून धाड आवाज झाला. कावळ्यांचा थवा उठला. हँडल खटकन आपोआप मागे पडलं आणि पंखा थांबला. शेजारच्या पॅनलवर कंपनीचा काटा उसळला, पडला, पुन्हा उसळला.

मग खिडकीच्या फुटक्या काचेतून करपल्याचा वास आला.

"अय्यो," पहारवाला म्हणाला आणि पहार खाली ठेवली, जपून, आवाज न करता.

शिवकुमार भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या हातातला फोन "अहो, गेली हो पुन्हा, वीज गेली," असं म्हणत राहिला. दोघांनी त्याला काखेत धरून उभं केलं. माणसं एकेक करत बाहेर पडली. पायरीवर प्रत्येकाने आपापल्या चपला शोधल्या, पाय सरकवले. काहीजण नारळीकडे धावले, काही फाटकाकडे. शिवकुमारला कोणीतरी वाकून त्याच्या चपला पायांत घालून दिल्या.

कनकलता गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत आली. पायरी रिकामी झाली होती. कडेला एकच जोड उरला होता. उजव्या चपलेच्या अंगठ्याला तांब्याची तार.

तिने डाव्या हाताने एकेक चप्पल उचलून आत आणली. रांगोळी पुसली गेली होती. नेहमीच्या जागी तिने जोड ठेवला, दोन्ही टोकं एका रेषेत आणली. मग पॅनलवरचं हँडल उपसलं आणि कमरेला खोचलं.

टेबलावरचा फोन वाजला. वरच्या ऑफिसातला रोजचा आवाज होता.

"कनकलता मॅडम, कंपनीचा लोड उतरलाय. गावचा फीडर चालू करा आता."

"नाही करता येत, सर."

"का? लाइन क्लिअर परत नाही आली?"

तिने पॅनलकडे पाहिलं.

"नाही, सर. रमणच्या चपला अजून इथेच आहेत."