गाडीवरचा लाल ठिपका

संकेतला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. येते ती बापाची स्कूटर, आणि तीही आचोळ्याच्या नाक्यापर्यंतच, कारण पुढचे खड्डे बघून या बापाने, श्रीरंगरावांनी, बंदी घातली आहे. पण ऑफिसातून आला की हाच पठ्ठ्या हॉलमध्ये टीव्हीसमोर मांडी घालतो आणि एका परक्या शहरात दोनशेच्या वेगाने गाडी हाणतो. पंचवीस वर्षांचा घोडा. गेमचं नाव इंग्रजी आहे, ते कळून तुम्हाला काही उपयोग नाही. अख्खं शहर मोकळं असतं. पूल, बोगदे, बंदर, वाटेल तिकडे जायचं. वाटेत कोणी भेटलं की लाइट मारायचा आणि शर्यत लावायची. समोरच्या गाडीत जगातलं कोणीही असू शकतं.

पण संकेतचा जीव शर्यतीत नव्हता, गॅरेजमध्ये होता. तिथे गाडी सजवता येते. चाकं बदला, मागे पंख लावा, आणि मुख्य म्हणजे अंगावर हवं ते रंगवा. रंगवायला ब्रश मिळत नाही हं. मिळतात फक्त गोल, चौकोन आणि कमानी. एकावर एक रचायचे, ताणायचे, वाकवायचे. एक 'क' काढायला तीस-तीस तुकडे लागतात. इतर पोरं कवट्या आणि ज्वाळा काढायची. संकेतला वाटायचं, आपलं काहीतरी वेगळं हवं. वेगळं म्हणजे काय, ते मात्र बरेच दिवस डोक्यात येत नव्हतं.

ते आणून दिलं प्रेमलतामावशीने. ही समुद्रकाठच्या कळंबची. रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन त्यांच्या सोसायटीच्या गेटपाशी बसते, आणि संकेतची आई विनया तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून मांदेलीसुद्धा घेत नाही. जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे मावशी तेव्हा सुकी मासळी घेऊन यायची. एकदा म्हणाली, "घरात काय बसतो रे? ये रविवारी. आमच्या होडीला रंग देतो धर्मा. बघशील तरी."

संकेत गेला आणि बघतच राहिला. होडीचं नाव 'हरिप्रेम'. मावशीचा नवरा हरिश्चंद्र आणि ती, दोघांचं मिळून. धर्माकाका सत्तरीचे, काटकुळे, कानावर ब्रश अडकवलेले. पेन्सिलीची रेघ नाही, दोरी नाही, फळीवर थेट अक्षर. वेलांटी अशी वळायची, जशी लाट फुटायच्या आधी क्षणभर थांबते. निळ्या अक्षराला पिवळी कड, खाली तीन पांढऱ्या रेघा. संकेत दिवसभर उलट्या टबवर बसून राहिला. काकांनी त्याला दोनदा चहा पाजला, ब्रश कसा धरायचा ते हातात हात धरून दाखवलं. फोटो काढू का विचारल्यावर म्हणाले, "काढ किती पन. फक्त कोनी विचारलं की हे कोनाचं, तर माजं नाव सांग. एवढंच."

"काका, ते काय सांगायला पाहिजे?" संकेत म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, ही त्यातली वाईट गोष्ट.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला तेव्हा होडी तयार होती. नावाच्या शेवटी एक लाल ठिपका आला होता, जरा लांबट, एका बाजूला फिकट. संकेतने त्याचाही जवळून फोटो काढला.

मग तीन आठवडे पोरगा गॅरेजमधून उठला नाही. मेहनत केली, हे नाकारत नाही मी. काकांचं एकेक वळण त्याने कमानी जोडून उभं केलं. 'हरिप्रेम'च्या जागी आपल्या गावावरून त्याच वळणाचं 'वसईकर' लिहिलं, खाली तीन रेघा ओढल्या, शेवटी ठिपका. सगळ्यात जास्त वेळ ठिपक्यानेच खाल्ला. फोटो मोठा केला तर त्यात बारीक बारीक वाकड्या रेषा दिसत होत्या. त्याही त्याने सोडल्या नाहीत.

डिझाइन सगळ्यांसाठी खुलं करताना गेम दोन गोष्टी विचारतो: डिझाइन कोणाचं, आणि काही सांगायचंय का. संकेतने पहिल्या चौकटीत स्वतःचं नाव टाकलं. दुसऱ्या चौकटीत 'धर्मा, कळंब' असं लिहिलं, वाचलं आणि पुसलं. कोण वाचतंय, असं मनाशी म्हणाला. लोक वाचणार आहेत असं वाटलं म्हणूनच पुसलं, हे त्याला तेव्हाही माहीत होतं.

ब्राझीलपासून जपानपर्यंत त्रेचाळीस हजार लोकांनी ते डिझाइन आपापल्या गाडीवर चढवलं. गेमवाल्यांनी ते पहिल्या पानावर लावलं. एका यूट्यूबवाल्याने मुलाखत घेतली आणि विचारलं, ही अक्षरं शिकलास कुठे? "माझं मीच," संकेत म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं. आणि एकदा गेल्यावर दुसऱ्यांदा जायला काहीच त्रास पडत नाही.

त्रास पडायचा तो सकाळी. गेटवरून मावशीची हाक आली की हा बाथरूममध्ये शिरायचा आणि नळ सोडून उभा राहायचा. एकदा जिन्यात गाठलंच तिने. "धर्मा इचारत होता. फोटोचं काय केलंस म्हनून."

"काही नाही मावशी. आहेत फोनमध्ये."

"बरं," ती म्हणाली, आणि आईसाठी आणलेल्या पुडीत मूठभर जवळा जास्तीचा टाकून ती त्याच्या हातात दिली. त्या दिवशी संकेतला जेवण गेलं नाही. आईने विचारलं तर पित्ताचं नाव पुढे केलं.

इकडे श्रीरंगरावांचं वेगळंच. वर्षभर 'गाड्या उडवतोय नुसता' म्हणून पोराला फाडून खाणारा माणूस, आता बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना त्रेचाळीस हजारांचा आकडा सांगत होता. सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण असतो, त्यात दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार होतात. या वर्षी संकेतचाही करायचा, हे त्यांनीच सेक्रेटरी ऑस्करसाहेबांच्या गळी उतरवलं. संकेत नको नको म्हणाला. त्याला सगळे विनय समजले.

झेंडावंदन झालं, पूजा झाली, संध्याकाळी मांडवात पडदा लावून ती गाडी दाखवली. टाळ्या पडल्या. ऑस्करसाहेबांनी नारळ आणि शाल दिली, माइक हातात घेतला. "संकेत, आम्हाला सांग. हे एवढं सुंदर लेटरिंग कोणाकडून शिकलास?"

समोर आईबाबा बसले होते. बाबांनी फोन उभा धरला होता, व्हिडिओ चालू होता. संकेतने श्वास घेतला. नाव जिभेवर होतं, खरंच होतं.

"कोणाकडूनच नाही, अंकल. माझं मीच."

"वा! आणि हा लाल गोल काय आहे शेवटी?"

आता हे त्याला कुठे माहीत होतं? पण खोटं बोलणाऱ्याला थांबता येत नाही. "तो मावळता सूर्य आहे. कळंबच्या समुद्रावरचा."

पुन्हा टाळ्या. आणि टाळ्यांमध्ये त्याची नजर मागच्या रांगेत गेली. तिथे प्रेमलतामावशी बसली होती, जरीकाठाची साडी नेसून. विनयानेच तिला प्रसादाला बोलावलं होतं, नेहमीसारखं. मावशी टाळ्या वाजवत नव्हती. तिने शिऱ्याचा द्रोण मांडीवर ठेवला, पडद्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघितलं. परत पडद्याकडे.

 त्या बारीक वाकड्या रेषा संकेतने एकेक करून आपल्या हाताने काढल्या होत्या, आणि त्या कसल्या आहेत हे त्याला कधी सुचलं नव्हतं. शाल अंगावर तशीच होती. मांडवातून पळून जावं, जमीन फाटून आत जावं, असं काय काय वाटलं त्याला. गेला कुठेच नाही. फोटोसाठी उभा राहिला.

घरी येऊन त्याने आधी गेम उघडला. डिझाइनखाली धर्माकाकांचं नाव टाकायला बघितलं. गेम म्हणाला, खुलं केलेलं डिझाइन बदलता येत नाही. फार तर काढून टाकता येईल. काढून टाकलं तरी ज्यांनी घेतलंय त्यांच्या गाड्यांवर ते राहणार, याच्या नावासकट. तो गेममधल्या पुलावर गाडी उभी करून बसला. एक गाडी शेजारून सुसाट गेली. तिच्या दारावर मावशीचा अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी गेटवरून हाक आली तेव्हा त्याने नळ सोडला नाही. खाली गेला. ओरडेल, चार लोकांत अब्रू काढेल, अशी तयारी ठेवूनच गेला. मावशी बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तो माजा अंगठा आहे रे. धर्माची रीत आहे ती. नाव तो लिवतो, पन शेवटचा रंग घरच्या बाईने लावायचा. त्याशिवाय होडी पान्यात जाऊ देत नाही तो."

"मावशी, मी..."

"ऐक आधी. काल घरी गेले तर धर्मा आमच्या ओट्यावर वाट बघत बसला होता. गाडीवरच्या अक्षरांसाठी तुजा सत्कार आहे हे मीच सांगितलं होतं ना त्याला. पहिलं काय इचारलं माहीतेय? पोराने माजं नाव घेतलं का?" तिने बोंबलाचं डोकं उडवलं. "मी हो म्हनले. माइकवरून घेतलं म्हनले. सगल्यांनी टाल्या वाजवल्या म्हनले. काय करू मग? त्याचं तोंड बघवेना."

 शिव्या दिल्या असत्या तर संकेतने खाली मान घालून झेलल्या असत्या. पण या बाईने त्याच्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं, आणि त्याची लाज आता तिच्याही डोक्यावर होती.

मावशीने टोपलीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत एक ब्रश होता, जुना, दांड्याचा रंग बोटांनी झिजून गेलेला. "त्याने दिलाय तुला. रात्रीच धुऊन ठेवला. आनि एक सांगते, तो व्हिडिओ कलंबला येऊ देऊ नको. मी खोटी पडेन ती पडेन, त्याला झेपायचं नाही."

व्हिडिओ श्रीरंगरावांनी रात्रीच सात ग्रुपांवर टाकला होता. आज ना उद्या कोणाचा तरी नातू तो काकांना दाखवणारच. संकेत दोन दिवस ब्रश बघत बसला. तिसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली, नाका ओलांडला, खड्डे ओलांडले आणि बापाची स्कूटर थेट कळंबला नेली.

धर्माकाका एका कॉटेजच्या भिंतीवर 'रूम मिळेल' लिहीत होते. संकेतला बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि हात लुंगीला पुसले. "ये रे ये. प्रेमलताने सांगितलं मला. मी सगल्यांना सांगितलं. हिते कोनाचा इश्वास बसत नाही, आचोल्यात माइकवरून नाव घेतलं म्हनून."

"काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगशील मंग. व्हिडिओ हाय काय तुज्याकडे? तो लाव आधी."

होता. संकेत वाटेत पन्नास वेळा ठरवून आला होता की आपण तोंडाने सांगू. पण तोंडावर त्याचा भरवसा राहिला नव्हता. त्याने फोन काकांच्या हातात दिला आणि व्हिडिओ लावला.

काका उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. गाडी दिसली तेव्हा हसले. बोटाने 'ई'वरून हवेतच वळण काढलं, बरोबर आहे अशी मान हलवली. ऑस्करसाहेबांचा प्रश्न आला तेव्हा फोन कानापाशी नेला. संकेतचं उत्तर ऐकू आलं, सूर्य ऐकू आला, टाळ्या ऐकू आल्या. काका तसेच कान लावून उभे.

"आवाज वाढव जरा," ते म्हणाले. "अजून आलं नाही ना?"

संकेतने आवाज वाढवला. टाळ्या, खुर्च्या सरकल्याचा आवाज, बाबांचं 'माझा मुलगा' असं कोणाला तरी सांगणं. मग पडदा काळा झाला.

"संपला?"

"हो, काका."

काका काळ्या फोनकडे बघत राहिले. कॉटेजच्या आत कोणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली तरी नळ बंद झाला नाही.

"मंग प्रेमलता...?" त्यांनी वाक्य सोडून दिलं. फोन परत दिला. "तिला सांगू नको, मी हे ऐकलं म्हनून. तिला लाज वाटेल."

"मी सगळ्यांना सांगेन, काका. सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, आत्ता इथेच लिहितो. बाबांना सांगतो."

"सांग," काका म्हणाले. नको म्हणाले नाहीत, बरं होईल असंही म्हणाले नाहीत.

संकेतने खांद्यावरच्या पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली आणि पुढे धरली. इतका वेळ मनात कुठेतरी त्याला वाटत होतं की काका म्हणतील, राहू दे, दिला तो दिला, ठेव तुझ्याकडे. मोठी माणसं असंच म्हणतात.

काकांनी ब्रश घेतला. केस बोटाने मोकळे करून बघितले, डब्यात बुडवला, आणि भिंतीकडे वळून अर्धवट राहिलेलं 'मिळेल' पुरं करायला लागले.