पहिला अंगठा

हसनाबादेत कुणाच्याही घरी मयत झालं की पहिली भाकर माझ्या घरून जाते. सरपंचाच्या घरून न्हाई, माझ्या! तीन दिवस त्या घरात चूल पेटत न्हाई, मंग शेजारपाजारच्या बायका पिठलं-भाकर नेतात आन् रडणाऱ्याला आपल्या हातानं चारतात. कडू घास म्हणतात त्याला. तीस वर्षं झाली, गावातला पहिला कडू घास झुंबरबाईचा. बायका दारात थांबून राहतात, म्हणतात, आक्काला येऊ द्या, मंग आपण जाऊ. आता एवढा माझा मान, आन् तो धनगराच्या साखरीनं पळवावा? पोटात आग पडणार न्हाई तर काय व्हईल?

ब्याऐंशी साल व्हतं, धोंड्याचा महिना नुकताच लागल्ता. साखरीच्या नवऱ्याला, धुळाजीला, नसबंदीच्या कॅम्पात रेडिओ मिळाल्ता. रेडिओ आमच्याकडं बी हाय, त्याच्याहून मोठा, भरतकामाचं कव्हर घालून फळीवर ठेवलेला. आमचे मालक त्याच्यावर कापसाचा भाव ऐकतात आन् बंद करतात. पण ही बाई मेंढरं कोंडली की रेडिओ कानाला लावणार. हिंदी बातम्या, उर्दू बातम्या, काही सोडणार न्हाई. तिनं ऐकलं की समुद्रापल्याड बैरूत म्हणून शहर हाय, तिथं लढाई चालू हाय, आन् पॅलेस्टाईनची माणसं आपला मुलूख सुटल्यामुळं तिथं छावणीत राहत व्हती, त्यांना घरात घुसून मारलं. बाया, लेकरं, म्हातारे, कुणी म्हणून सोडलं न्हाई.

मी पुरणाची डाळ निवडत बसल्ते, तव्हा आली.

"आक्का, त्यांच्याकडं लई मयतं झाली," म्हणे. "कडू घास न्यावा तर पोचायचा न्हाई. मंग आपण सोमवारी गावात चूल बंद ठेवू. मयताच्या घरी ठेवतो तशी. रामराव मास्तर दिल्लीला कागद लिहून देऊन राह्यले, लढाई थांबवायला सरकारनं जोर लावावा म्हणून. त्याच्यावर समद्यांनी अंगठे द्यायचे. तुम्ही पुढं व्हा."

म्या सुपातून डोकं वर काढलं न्हाई. मयताचं मला ही शिकवणार? हिच्या सासऱ्याचं पाल कालपरवापर्यंत आमच्या बांधाला व्हतं.

"सोमवारी माझा जावई येऊन राह्यला," म्या म्हणलं. "धोंडे खायला. त्याला काय उपाशी ठेवू, तुझ्या बैरूतापायी?"

"बरं," म्हणली आन् गेली. एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

खरं सांगते, आता काय लपवायचं. जावयाचा वार ठरलाच नव्हता. साखरीची पाठ फिरली आन् म्या जालन्याच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला, सोमवारीच या, बराबर दुपारच्या जेवणाला.

मधले चार दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. आडावर गेलं की कौसल्या सांगणार, "साखराबाई असं म्हणली, साखराबाई तसं म्हणली." साखरीची साखराबाई कधी झाली गं? माझी सख्खी शेजारीण ही कौसल्या, माझ्या हाताखाली बाळंतीण झालेली, ती बी म्हणे, "आमची चूल बंद हाय सोमवारी, आक्का." म्या घागर अशी आदळली की बूड चेपलं.

सोमवार उजाडला. ओट्यावर उभं राहून गाव पाहिलं. एका बी घरातून धूर न्हाई, अगदी सरपंचाच्या बी न्हाई. माझ्यासाठी एवढं गाव कधी थांबलं व्हतं का? मंग म्या बी चुलीत मुद्दाम ओलं लाकूड सारलं. निघू दे धूर, म्हणलं, दिसू दे साऱ्या गावाला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण पुरण शिजवलं, धोंडे तळले, ताटाभोवती रांगोळी काढली.

माझी लेक उषा आन् जावई दुपारी आले. जावई संपत, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. पाटावर बसला, ताटाकडं पाहिलं आन् हात मागं घेतला.

"मामी, राग मानू नका," म्हणला. "स्टँडवर लोकांनी सांगितलं. आमच्या मिलमधली पोरं बी काल यावरच बोलत व्हती. एवढ्या गावात एकच धूर, आन् तो माझ्या ताटासाठी? मला घास उतरायचा न्हाई."

आन् उठला की हो! धोंड्याच्या महिन्यात जावई भरल्या ताटावरून उठला. चपला घातल्या आन् सही करायला साखरीच्या घराकडं निघाला. उषा बी त्याच्या मागं गेली, माझ्याकडं वळून न बघता.

मंग मी कशाला घरात राहते? पदर खोचला आन् तशीच निघाले. साखरीची आज बिलकुल गय करायची न्हाई, असं ठरवूनच.

तिच्या अंगणात गावातल्या बायका चुलीभोवती बसल्या व्हत्या. थंड चूल, राख भरून काढलेली. मयताच्या घरी बसावं तशा बसल्या व्हत्या. माझ्या घरच्या मयताला बी एवढ्या बाया आल्या नव्हत्या.

"काय गं साखरे," मी ओरडले, "तिथं कोण मेलं तुझं? काय नातं लागतं तुझं त्यांच्याशी?"

साखरा उठली. आवाज चढवला न्हाई तिनं.

"नातं न्हाई, आक्का. बाहत्तरच्या दुष्काळात माझा राधाकिसन गेला, तव्हा आमचं पाल तुमच्या बांधाला व्हतं. तीन दिवस चूल पेटवली न्हाई. धुळाजी म्हणे, गावातून कुणी येईल. मी वाटंकडं बघत बसायची. कुणी आलं न्हाई. तुमच्या घरचा धूर तेवढा दिसायचा." तिनं नाक पुसलं. "तिथल्या बाईला बी कुणाचा तरी धूर दिसत असंल. म्हणून म्हणलं, एक दिवस आपला नको."

मला ठाऊक व्हतं तव्हा. मालकांनी येऊन सांगितल्तं, पालातलं पोरगं गेलं म्हणून. भाकरीचं पीठ परातीत व्हतं. म्या म्हणलं व्हतं, आज हितं उद्या तिथं राहणारी माणसं, त्यांना कशाचा कडू घास? आन् त्याच पिठाच्या भाकरी करून आम्ही जेवलो.

मास्तरांनी कागद पुढं केला. त्यांना वाटलं, मी अंगठा द्यायलाच आले. कागद निळ्या अंगठ्यांनी भरला व्हता, खाली संपतची ओली सही. वरची पहिली जागा तेवढी कोरी.

"ही कुणाची?" म्या विचारलं.

"तुमची," मास्तर म्हणले. "साखराबाईनं राखून ठेवायला लावली. म्हणली, पहिला घास आक्काचा, तर पहिला अंगठा बी आक्काचा."

"मी आलेच नसते तर?"

"तर कोरीच धाडली असती," साखरा म्हणली.

म्या अंगठा दिला. हाताला पुरण लागलं व्हतं, त्यामुळं ठसा नीट उमटला न्हाई. मास्तर म्हणले, चालंल. मी घरी आले आन् चुलीवर घागरभर पाणी ओतलं. त्या दिवशी कुणी जेवलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पिठलं-भाकर केली, फडक्यात बांधली आन् निघाले. कौसल्या दारात सडा टाकत व्हती. माझ्या हातातलं फडकं पाहून दचकली.

"आक्का, कडू घास? कुणाकडं मयत झालं?"

"साखराकडं. तिचा राधाकिसन गेला."

"अहो, त्याला तर दहा वर्षं झाली!"

"झाली," म्या म्हणलं. "चल, तुझी बी भाकर घे."