मेणलेखणी, मुक्काम नेरे

मी एक जुनी मेणलेखणी आहे. हिंजवडीजवळच्या नेरे गावातली मुलं मला पहिल्यांदा बघतात तेव्हा अगरबत्ती लावायचं घर समजतात. मी रागावत नाही, पण मनातून जराशी खट्टू होतेच. मित्रांनो, माझा दांडा नासपतीच्या लाकडाचा आणि तोंडाशी पितळेची इवलीशी नळी. नळीत मधमाश्यांचं मेण भरायचं, मला मेणबत्तीवर तापवायचं आणि पांढऱ्या अंड्यावर रेघा ओढायच्या. मग अंडं रंगात बुडवायचं. मेणाखालची जागा पांढरीच राहते आणि शेवटी मेण पुसलं की नक्षी दिसते. माझ्या युक्रेनमध्ये याला अंडं रंगवणं म्हणत नाहीत, अंडं लिहिणं म्हणतात.

तिथल्या डोंगरातल्या एका सुताराने मला आपल्या लेकीसाठी, मारियासाठी घडवलं. तेव्हा देशावर मॉस्कोचं राज्य होतं. ही नक्षी म्हणजे देवधर्माचं खूळ, ती लिहायची नाही, असा वरून दम होता. मारिया पडदे ओढून लिहीत राहिली. पुढे साहेब लोकांचं मन पालटलं आणि तिची अंडी मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात मांडली गेली. केवढं कौतुक झालं! पण खाली पाटी होती, 'रशियन लोककला'. बंदी तिने सोसली होती, ही पाटी मात्र तिच्या जिव्हारी लागली. घरी येऊन ती रडली, ते तिच्या लेकीने, ओलेनाने पाहिलं.

पुढे मी ओलेनाकडे आले. तिच्या शहरातल्या घरी नेऱ्याची गौतमी भाड्याने राहायची. डॉक्टरकी शिकायला गेलेली ही पोरगी संध्याकाळी ओलेनामावशीजवळ बसून अंडी लिहायला शिकली. मग रशियाने हल्ला केला, शहराच्या विमानतळावर बॉम्ब पडले आणि गौतमीला निघावं लागलं. ओलेनाने स्वतःची काही अंडी कापसात गुंडाळून दिली आणि वर मला ठेवलं. "हिला चालती ठेव," ती म्हणाली. "आणि कुणी विचारलं, तर आमचं नाव सांग."

नेऱ्यात आल्यावर मी बराच काळ मोज्यात गुंडाळलेली कपाटात पडून होते. नळीत जुनं मेण घट्ट बसलं. माझी कुणाला आठवण नाही, असंच मला वाटायचं. गौतमीने राहिलेलं शिक्षण दुसरीकडे पूर्ण केलं, जवळच्या दवाखान्यात नोकरी धरली आणि एका रविवारी मला बाहेर काढून बारीक तारेने माझं तोंड मोकळं केलं. मग काय, ओटीवर पोरांची ही गर्दी! त्यातल्या सृष्टीने तर तिकडच्या आठ टोकांच्या चांदणीशेजारी इकडची भाताची लोंबी काढली. मला ती फार आवडली.

यंदा जत्रेला शाळेत या अंड्यांचं प्रदर्शन ठरलं. ओलेना फोनवरून बघणार होती. सकाळी जाऊन पाहतो तर दारावर भला मोठा फ्लेक्स, 'रशियन अंडी-कला'. गौतमीचा चेहरा उतरला. तिकडे ओलेना फोन घेऊन बसली असणार आणि इकडे तिच्या आईची कला पुन्हा त्याच नावाखाली!

"निरंजनदादा, हे काय छापलंत?" तिने जत्रा कमिटीच्या अध्यक्षांना विचारलं.

"आगं, रशिया काय अन् युक्रेन काय, येकच की! गावाला रशियाच कळतंय. तू रशियालाच गेलीवतीस असं समदी म्हंत्यात."

"दादा, त्यांच्या घरांवर बॉम्ब पडत्यात ते ह्याच 'येकच की'पायी. ह्यो फ्लेक्स ऱ्हाणार आसंल तर मी अंडी लावायची न्हाई."

"येवढ्याशा नावासाठी? पाव्हणे यायला लागलेत!"

"परवा बिल्डरनं आपल्या शिवारात हिंजवडी म्हनून पाटी लावली, तवा काळं कुणी फासलं? तवाबी नावच हुतं ना?"

निरंजनदादांनी डोकं खाजवलं. "आयला, व्हय की," ते म्हणाले आणि स्वतःच शिडीवर चढले. फ्लेक्स उलटा झाला. पाटीला फासून उरलेला काळा रंग आला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सृष्टीने वेडंवाकडं, हातभर उंच नाव काढलं.

गौतमीने फोन लावला. ओलेना खूप म्हातारी दिसत होती. तिने अंडी पाहिली, एका पोराच्या रेघेला नावं ठेवली, मग दाराकडे बोट केलं. वर काय लिहिलंय?

"युक्रेन," गौतमीने वाचलं.

"परत वाच."

गौतमीने फोन पोरांकडे वळवला. तेव्हा नेऱ्याची सगळी पोरं एका सुरात ओरडली, "युक्रेन!"

मित्रांनो, त्या क्षणी मारिया हवी होती, एवढंच वाटलं. मला शोभेला कपाटात ठेवू नका. तापवा, लिहा, मेण थिजायच्या आत माझं तोंड पुसा. आणि दुसऱ्याच्या हातची वस्तू मांडाल, तेव्हा ती कुणाची हे आधी त्यालाच विचारा.