मालकांचं आमेन

रविवारी पाळकसाहेब संदेष्ट्यांच्या भविष्यवाणीवर बोलताना नुसते पेटले होते. "कोंडलेल्यांची दारं देव उघडणार!" ते गरजले, आणि सगळ्यात मोठ्यानं आमेन कोणी म्हणावं? आमच्या शिलाई कारखान्याच्या मालकांनी! हाच माणूस आम्हाला आत घेऊन बाहेरून कुलूप लावतो.

आमच्या चर्चमध्ये मोठ्यानं आमेन म्हणणाऱ्यानं उभं राहून, त्यासाठी आपण काय करणार ते सांगायचं असतं. मालक उठले खरे, पण नुसतीच बायबलची पानं उलटायला लागले.

तेवढ्यात माझ्या सासूबाई, त्याच कारखान्यात शर्टांना काजं करणाऱ्या, तरातरा पुढे गेल्या आणि हात पसरून म्हणाल्या, "सोपं आहे, साहेब. किल्ली खिशातच असेल ना?"

"आमेन!" अख्खं चर्च ओरडलं. आणि मग नियमाप्रमाणे आम्ही सगळेच उभे राहिलो.